डाव्या वळणाचं एन्झाइम

स्प्रिंगांच्या दुकानात तिनं पहिलं पाऊल टाकलं आणि आतून काहीतरी टणकन उडून थेट तिच्या चष्म्यावर आलं. चष्मा एकीकडे, पर्स दुसरीकडे, आणि ती मधोमध डोळे मिचकावत उभी. समोर एक उंच, धूसर आकृती होती. आकृतीच्या हातात पक्कड होती.

"लागलं का...?" आकृतीनं विचारलं.

"चष्मा सापडला की बघून सांगते," ती म्हणाली.

आकृती टेबलाखाली शिरली, तारांच्या भेंडोळ्यांमधून रांगत पलीकडे निघाली आणि चष्मा घेऊन आली. एक काडी वाकली होती. त्यानं काही न विचारता ती पकडीत धरली, हलकेच एक पीळ दिला, काच शर्टाच्या बाहीला पुसली आणि चष्मा तिच्या हातात ठेवला. गेली दोन वर्षं, म्हणजे ती स्वतःच त्याच्यावर बसली होती तेव्हापासून, तो चष्मा तिच्या नाकावर तिरका बसत होता. आज पहिल्यांदा सरळ बसला. आणि त्यातून पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते स्प्रिंगवाल्याचं तोंड... कान लालबुंद, भुवईवर लोखंडाचा भुगा, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता ही बाई पोलिसांना बोलावणार.

तिनं बोलावलं नाही. तिला स्प्रिंग हवी होती. ती काम करायची त्या प्रयोगशाळेत नळ्या गरागरा फिरवणारं एक जुनं यंत्र होतं. त्याच्या झाकणाची स्प्रिंग गेली होती, त्यामुळे झाकण मगरीच्या जबड्यासारखं हातावर पडायचं. कंपनीनं दीड महिन्याचा वायदा केला होता. भांडारातल्या बाबूंनी सांगितलं होतं की मागच्या गल्लीत बापलेकांचं दुकान आहे, तिथे जा.

त्यानं मोडकी स्प्रिंग बोटांत फिरवून पाहिली आणि उद्या मिळेल म्हणाला. मग सहज विचारलं, की त्या यंत्रात फिरवता काय? असं पुष्कळ लोक विचारायचे आणि तिच्या दुसऱ्या वाक्याला घड्याळ बघायचे. लॅबमध्ये तिला 'चरबीबाई' म्हणत. घरी सहा वर्षांनंतरही वहिनी पाहुण्यांना सांगायची की आमच्या वन्सं तेलाच्या लाइनमध्ये आहेत. तेव्हा तिनं सवयीनं एका दमात उरकून टाकलं, की पेशीत प्रोटीनं असतात, त्यातल्या काहींना चरबीचं शेपूट चिकटवावं लागतं, ते चिकटवणारं एक एन्झाइम असतं, आणि ते दिसतं कसं नि काम कसं करतं एवढंच मी शोधते.

त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "पण प्रोटीनला चरबी हवी कशाला?"

ती चक्क खाली बसली, तारेच्या एका बंडलावर. मग तिनं सांगितलं. पेशीचं आवरण चरबीचंच असतं आणि आत सगळं पाण्यासारखं. काही प्रोटीनांचं काम त्या आवरणापाशी असतं, बाहेरून आलेला निरोप घ्यायचा, आत पोचवायचा. पण ती नुसतीच असली तर आत तरंगत राहतात, भिंतीला टेकतच नाहीत. चरबीचं शेपूट लागलं की ते आवरणात रुततं आणि प्रोटीन जागेवर उभं राहतं. हे शेपूट लावणारं एन्झाइम स्वतः त्या आवरणातच राहतं. त्याची चार वेटोळी आवरणातून आरपार गेलेली, तंबूच्या काठ्यांसारखी एका टोकाला एकमेकींकडे झुकलेली. मध्ये पोकळी. बाजूच्या फटीतून चरबी त्या पोकळीत शिरते. पायाशी एक चिमटा असतो, तो चरबी आधी स्वतःला लावून घेतो आणि प्रोटीन जवळ आलं की त्याच्याकडे सोपवतो.

"चार वेटोळी," असं ती दुसऱ्यांदा म्हणाली आणि गप्प झाली. टेबलावर कुठल्याशा फाटकासाठी केलेल्या चार जाडजूड स्प्रिंगा उभ्या होत्या. वाक्य अर्धं सोडून ती त्यांच्याकडे बघत राहिली. ती अशी मध्येच गप्प झालेली घरच्यांनी पाहिली असती तर डॉक्टर बोलावला असता.

झालं होतं असं, की लॅबची नवी इमारत तयार होती, महिन्याभरात उद्घाटन होतं, आणि तिच्या सरांना दर्शनी दालनात 'दिसेल असं काहीतरी' हवं होतं. तिचं सहा वर्षांचं काम होतं ते फक्त कॉम्प्युटरच्या पडद्यावर. एकानं त्या एन्झाइमचं मातीचं मॉडेल केलं, ते दुपारपर्यंत बसकं झालं. दुसऱ्यानं प्लास्टिकचं केलं, ते बघून सर म्हणाले की हे पोटाच्या डॉक्टरकडे शोभेल. आणि उद्घाटनाला येणार होत्या मोठ्या बाई. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा. तिची नोकरी आणखी तीन वर्षं चालू ठेवायची की नाही, हे त्या तिचं काम पाहून सांगणार होत्या.

तिनं विचारलं, माणसाच्या उंचीच्या चार स्प्रिंगा कराल का?

"भार किती घ्यायचाय?"

"काहीच नाही. नुसतं उभं राहायचं."

ज्या स्प्रिंगला काहीच काम नाही अशी स्प्रिंग त्यानं जन्मात केली नव्हती. पण तिनं चष्म्यातून असं काही पाहिलं की तो हो म्हणाला.

दोन दिवसांनी तिनं मोठ्या पारदर्शक कागदावर चित्र काढून आणलं, मापं घातली, गुंडाळी त्याच्या हाती दिली. मग एक दिवसाआड तिची खेप सुरू झाली. कधी रंग दाखवायला, कधी मापाची खात्री करायला, एकदा तर मापाची खात्री केली होती याची खात्री करायला. दुकानात त्याचे वडील मशीनवर बसायचे. चाळीस वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यानं त्यांना कमी ऐकू यायचं. त्यांची समजूत अशी की हा चारजणांच्या सोफ्याचा प्रकार आहे. चरबी लावणाऱ्या यंत्राचं मॉडेल आहे हे कळल्यावर त्यांनी पोटावर हात फिरवला आणि म्हणाले, ते आमच्याकडे आधीपासून बसवलेलं आहे, काढणारं असतं का? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं की असतं, लावलेलं शेपूट काढणारं दुसरं एन्झाइम असतं. काका म्हणाले, मग बाई, त्याचं दुकान टाका.

मुलगा बोलायचा कमी. पण जे विचारायचा ते ती घरी जाईपर्यंत डोक्यात घोळवत राहायची.

"ते प्रोटीनला विचारून चरबी लावतं का?" एका दुपारी कानस घासत त्यानं विचारलं. "की दिसलं की धरलं?"

"विचारत नाही. पण प्रोटीनला जवळ यावं लागतं. अगदी जवळ... लांबून काही होत नाही."

"आणि जवळ येऊन परत गेलं तर?"

"जातात की. येतात, घुटमळतात, जातात. म्हणून तर वेळ लागतो."

तो आधीच गुळगुळीत झालेली तार पुन्हा त्याच जागी घासत राहिला. ती दुकानाच्या छताकडे बघत राहिली, तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

चरबीच्या शेपटासाठी त्यानं बारीक तारेत चकचकीत छर्रे ओवले होते, एक छर्रा म्हणजे एक कार्बन. तिनं सोळा सांगितले होते. दुकानाच्या रिवाजाप्रमाणे जरा जास्त असावेत म्हणून त्यानं अठरा ओवले. पुढच्या खेपेला ती आली तेव्हा तो ओशाळून उभा होता. वेटोळी वळायच्या आधी त्यानं चार सरळ काठ्यांचा सांगाडा उभारून पाहिला होता, त्यात काहीतरी चुकलंय म्हणाला. माळ आत बसत नाही, तंबूच्या टोकाला अडते, जोर केला तर काठ्या फाकतात. दोन छर्रे काढले की मात्र अलगद बसते.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा सांगितलं.

याच गोष्टीला तिची तीन वर्षं गेली होती. तंबूच्या टोकाशी दोन बाजू इतक्या जवळ येतात की सोळा कार्बनची चरबी आत मावते, त्याहून लांब असली की अडते. म्हणून हे एन्झाइम नेमकी तेवढीच चरबी उचलतं. तिनं हे सांगायला किती प्रयोग केले, किती यंत्रं वापरली, आणि यानं चहाच्या आधी पकडीनं सिद्ध करून ठेवलं होतं. आनंदाच्या भरात तिनं त्याचं मनगट धरलं. मग दोघांनीही त्या मनगटाकडे पाहिलं. तिनं ते सोडलं, पण लगेच सोडलं असं काही म्हणता येणार नाही.

उद्घाटनाला चार दिवस असताना बापलेक मॉडेल घेऊन आले. दालनात ते उभं राहिलं तेव्हा सर टाळ्या वाजवायला लागले. चार वेटोळी, चार रंग, पायाशी काळा चिमटा, मधल्या पोकळीत छर्‍यांची माळ चमकतेय. ती जिन्यावरून धावत खाली आली, हसत हसत मॉडेलभोवती एक फेरी मारली आणि अर्ध्यावर थबकली. तिनं हवेत बोट फिरवलं. वेटोळ्याकडे पाहिलं. पुन्हा बोट फिरवलं.

"हे डावं आहे," ती म्हणाली.

सरांना काही कळेना. तिनं सांगितलं की प्रोटीनातली ही वेटोळी साध्या स्क्रूसारखी उजवीकडे वळत वर जातात. सगळ्या प्राण्यांत, सगळ्या झाडांत, आपल्यात. ही चारही डावीकडे वळली आहेत. मोठ्या बाईंना हे दारातूनच दिसेल. माणसाच्या पुतळ्याला पावलं उलटी लावल्यासारखं आहे हे.

सर म्हणाले, मग उलटं करून ठेवू. भांडारातल्या बाबूंनी आणखी दोघांना हाताशी धरून एक वेटोळं डोक्यावर उभं केलं. ते डावंच राहिलं. आडवं केलं. डावंच. डावी स्प्रिंग कशीही ठेवली तरी डावीच असते, हे सरांना पटवण्यात दहा मिनिटं गेली. मग ते म्हणाले की मागे मोठा आरसा लावू आणि बाईंना आरशातच बघायची विनंती करू.

इथे तिचा तोल गेला. सरांवर चिडायची सोय नव्हती, ती स्प्रिंगवाल्यावर चिडली. साधं उजवं-डावं कळत नाही का, एवढं चित्र दिलं होतं, ते बघितलं तरी का... आणि शेवटी म्हणाली, "स्प्रिंगा वळणं आणि विज्ञान यात फरक असतो."

त्याचे कान नेहमीसारखे लाल झाले नाहीत, उलट पांढरे पडले.

"चित्रात आहे तसंच केलंय, मॅडम," तो म्हणाला. चित्राची गुंडाळी त्यानं टेबलावर ठेवली, वडिलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना बाहेर नेलं.

त्याची चूक पुराव्यानिशी दाखवावी म्हणून तिनं सगळ्यांदेखत गुंडाळी उलगडली. पारदर्शक कागद खिडकीच्या उजेडात धरला. मापं, रंग, सगळं तिच्याच सुवाच्य अक्षरात, खाली पट्टीनं आखलेल्या रेघा. आणि तिला आठवलं. चित्र शाईनं काढलं होतं, त्यावर लिहिताना शाई फिसकटत होती, म्हणून तिनं कागद पालथा करून मापं मागच्या बाजूनं लिहिली होती. अक्षर सरळ वाचायचं तर चित्र उलटं दिसणारच. उजवं ते डावं होणारच.

कोपऱ्यात पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, तिचं नसलेलं एक वाक्य होतं. 'वळण डावं आहे. विचारावं का? नको, मॅडमना माहीत असेलच.'

तिनं कागद पुन्हा गुंडाळला. सर आरशाच्या मापाबद्दल काहीतरी बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात गेली तेव्हा काका एकटेच मशीनवर होते.

"काका, चूक माझी होती," ती म्हणाली.

"काय?"

"चूक माझी होती."

"कुणाची?"

"माझी," ती ओरडली. समोरच्या कुलपाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "चित्र मी उलटं दिलं. त्यांची काही चूक नव्हती."

काकांनी मशीन बंद केलं आणि निवांत सांगायला लागले. हे मशीन चाळीस वर्षं उजवंच वळत आलंय. डावं वळायचं म्हणून पोरानं दोन दिवस खपून त्याची चाकं फिरवून बसवली. मी म्हटलं, अरे, असं उलटं कुणी मागतं का, एकदा विचार तरी. तर म्हणाला, त्यांनी सहा वर्षं घातली आहेत त्यात, आपण काय विचारायचं? एवढं सांगून काकांना एकदम शेजारी काहीतरी काम आठवलं आणि ते निघून गेले. त्यांना पहिल्याच वेळी ऐकू गेलं होतं, अशी शंका तिला त्यांच्या चालीवरून आली.

तारेच्या बंडलांमागून मुलगा उभा राहिला.

"किती ऐकलंत?" तिनं विचारलं.

"तिन्ही वेळा."

"मग आता चौथं ऐका. ते फरकाचं बोलले ना... ते चुकून नव्हतं. रागानं होतं. चित्रापेक्षा ते जास्त वाईट."

त्यानं पक्कड खाली ठेवली. "फरक तर आहेच," तो म्हणाला. "कागद पालथा घालून लिहायचं आम्हाला नसतं सुचलं."

हसावं की रडावं हे तिला ठरवता येईना, तेव्हा तिनं दोन्ही थोडंथोडं केलं.

हातात तीन दिवस होते आणि त्या जाडीची दुसरी तार गावात नव्हती. मात्र भार घ्यायचा नसल्यानं त्यानं मऊ तार वापरली होती, ती ओढून सरळ करता येणार होती. चारही वेटोळी दुकानात परत आली. एक टोक त्यानं धरलं, एक तिनं, हातात जाड मोजे घालून, आणि दोघं गल्लीच्या दोन टोकांना चालत गेले. मध्ये तार झोके खात होती. सायकलवाले थांबले, कुलपाच्या दुकानदारानं वाहतूक सांभाळली, काकांनी मधून मधून हातोडी मारत फेऱ्या घातल्या. लांबून त्याचं फक्त डोकं दिसत होतं. तो हात वर करायचा, म्हणजे ओढा. ती ओढायची. एकदा ती ओढता ओढता मागच्या पाण्याच्या पिंपावर बसली, तर तो तार टाकून अख्खी गल्ली धावत आला. लागलं का म्हणून विचारेपर्यंत त्याला दम लागला होता. तिला काही लागलं नव्हतं. तरी ती जरा वेळ तशीच बसून राहिली... तोही वाकून उभा राहिला, तिच्या खांद्यावरचा गंज झाडत. तिथे गंज फारसा नव्हता.

त्यानं रात्रभर जागून मशीनची चाकं पुन्हा पहिल्यासारखी बसवली आणि उजवी वेटोळी दीड दिवसात वळून झाली. रंग वाळेपर्यंत उद्घाटनाची सकाळ उजाडली होती.

मोठ्या बाई निघाल्या बुटक्या, काठी टेकत चालणाऱ्या. सरांच्या फितीकडे न बघता त्या आधी मॉडेलपाशी गेल्या, हवेत बोट फिरवलं, मान हलवली. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पहिल्याच फटक्यात बरोबर झालं?"

"हो हो," सर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. आणि पालथ्या कागदापासून गल्लीतल्या तारेपर्यंत सगळं सांगून टाकलं. आपली तीन वर्षं या वाक्याबरोबर जाणार असं तिला वाटत होतं, तरी मध्येच थांबता येईना. बाईंनी ऐकून घेतलं. मग तिच्या कानाशी येऊन म्हणाल्या की माझ्या पहिल्या पुस्तकातलं एक चित्र उलटं छापलंय, तीस वर्षांत कुणाच्या लक्षात आलेलं नाही, तू पण बघू नकोस.

नंतर त्यांनी मॉडेल करणाऱ्याला बोलावलं. दुकानात दोन वाक्यांपुढे न जाणारा तो माणूस अठरा छर्‍यांची माळ हातात घेऊन दहा मिनिटं बोलला. कुठे अडतं, का अडतं, किती काढले की बसतं. बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या विद्यापीठात? तो म्हणाला, मागच्या गल्लीत. बाई फीत कापायला गेल्या त्या तिच्या दंडाला धरूनच, आणि कात्री हातात घेता घेता सरांना म्हणाल्या की या मुलीला तीन वर्षं द्या, हिला चूक कबूल करता येते.

संध्याकाळ होण्याआधी दालन रिकामं झालं. खुर्च्या एकात एक घालून कोपऱ्यात लावल्या होत्या. तो आपली हत्यारं पिशवीत भरत होता, एक एक, फार सावकाश. तिच्या डोक्यात पुढच्या कामाची यादी तयार होती. पायाचा बोल्ट एकदा बघायला हवा, रंगाचा दुसरा हात द्यायला हवा, जिन्याजवळ छोटं मॉडेल करायला हरकत नाही. तिनं बोल्टापासून सुरुवात केली.

"आता काम काढून येऊ नका," तो म्हणाला.

तिचं वाक्य तिथेच तुटलं. बोल्ट वगैरे सगळं डोक्यातून गेलं, चेहऱ्यावर काय ठेवावं ते समजेना.

"म्हणजे..." त्याचे कान लाल व्हायला लागले. "बिनकामाच्या या."

"कधी?"

"उद्या."

"उद्या सुट्टी आहे. दुकान बंद असेल."

"म्हणून तर..."

दालनात कुणी नव्हतं. ती एक पाऊल पुढे आली, मग आणखी एक. आता त्याच्या भुवईवरचा लोखंडाचा भुगासुद्धा मोजता आला असता.

"या म्हणालास तर नाही येणार," ती म्हणाली.

त्यानं पिशवी खाली ठेवली. काय म्हणायचंय ते त्याला माहीत होतं, पण ते तोंडातून निघायला वेळ लागत होता. तिला घाई नव्हती.

"ये," तो म्हणाला.

"येते."